एका बाटलीत दोन औषधं

संपादकमहाशयांचं पत्र आलं, की दवाखान्यातल्या चार गमतीजमती लिहून पाठवा, दिवाळीत लोकांना हसायला हवं असतं. हसायला हवं असेल तर कंपौंडरकडे कशाला येता बुवा? आमच्याकडे माणूस कण्हत येतो आणि तोंड वाकडं करून जातो. तरीपण सगळा जन्म औषधं कालवण्यात गेला, तेव्हा गमती घडल्याच नाहीत म्हटलं तर खोटं होईल. एकदोन सांगतो. त्यापुढची गोष्ट मात्र गमतीची नाही, आणि ती मी आजवर कुणालाच, आमच्या मंडळींनासुद्धा, सांगितलेली नाही. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर हे कागद परत पाठवून द्या.

कंपौंडर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं तो डॉक्टरचा पाणक्या. डॉक्टर रोगी तपासतो आणि चिठ्ठीवर औषध लिहितो. ते औषध तोलून, खलून, पाण्यात मिसळून रोग्याच्या हातात देतो तो कंपौंडर. हाताशी एक बारीक तागडी, दगडी खल आणि रेघा आखलेला काचेचा पेला. विषारी औषधाचे थेंब मोजताना कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. पाहुणे म्हणतात, एवढ्यातेवढ्यावरून तुम्ही खेकसता हो. बाबांनो, ती सवय तिथली आहे.

आमचा दवाखाना कल्याणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. आता तो नाही, तिथं भाताच्या तुसाची वखार झाली आहे. मी लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. डोंबिवलीला त्या काळी गाडी थांबायचीसुद्धा नाही, शिट्टी वाजवून निघून जायची.

दवाखान्याचा नियम असा, की बाटली रोग्यानं स्वतःची आणायची. औषध फुकट, बाटली नाही. त्यामुळं सकाळी टेबलावर कायकाय यायचं! अत्तराच्या कुप्या, विलायती दारूच्या बाटल्या, घासलेटचा वास मारणारे शिसे. मी त्या राखेनं घासून घ्यायचो. औषध भरलं की बाटलीच्या अंगाला कागदाची उभी पट्टी डकवायची आणि तिला कात्रीनं खाचा पाडलेल्या असायच्या. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. वाचता येत नसलं तरी बोट लावून कळतं.

पण वेळ कशी सांगायची? घड्याळ कुणाकडे होतं? टिटवाळ्याजवळची एक म्हातारी, घर अगदी रुळांना लागून. तिला सांगितलं, "आजी, मुंबईला जाणारी गाडी गेली की एक खाच घ्यायची." चार दिवसांचं औषध संपवून बाई दुसऱ्या दिवशी दुपारी हजर. म्हणाली, "बाबा, गाड्या फार वाढल्या रे!" मालगाड्याही धरल्या होत्या तिनं. ज्येष्ठमधाचा काढा होता म्हणून निभावलं.

दुसरे एक शास्त्रीबुवा. औषध घेण्याआधी प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारणार. "टिंक्चर म्हणजे काय हो?" आमचे डॉक्टर भास्करराव खोटं बोलायचे नाहीत. म्हणाले, "वनस्पतीचा गुण मद्यार्कात उतरवून केलेलं औषध." झालं! मद्य शब्द ऐकताच बुवा ताडकन उभे राहिले. मी मागं धावलो, म्हटलं, "बुवा, एका वेळी वीस थेंब. आचमनाएवढंसुद्धा नाही." बुवांनी क्षणभर विचार केला आणि बाटली उपरण्यात गुंडाळून घरी नेली. पुढच्या आठवड्यात आले ते मला बाजूला घेऊन म्हणतात, "नारायणा, ते थेंब जरा वाढवता येतील का रे?"

या शास्त्रीबुवांनंतर डॉक्टरसाहेबांच्या डोक्यात वहीचं आलं. जिल्ह्यातले आम्ही सगळे कंपौंडर इंग्रजी शब्द पोपटासारखे घोकलेले. अर्थ विचारला की त त प प. साहेब म्हणाले, "आपल्या धंद्यातल्या एकेका शब्दाची मराठीत व्याख्या करू. न कळता औषध देणं म्हणजे अंधारात धोंडा मारणं." मग रोज सकाळी, रोगी यायच्या आधी, ते येरझारा घालत सांगायचे आणि मी लिहायचो. दिवसाला पाच शब्द. व्याख्या झाली की दारावरच्या शिपायाला बोलावून वाचून दाखवायची. त्याला कळली तर ठेवायची, नाही कळली तर खोडायची. बिचारा शिपाई! मूत्रल म्हणजे काय, स्तंभक म्हणजे काय, सगळं त्याच्या माथी.

पण मला त्या वहीचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! अक्षर माझं होतं ना. द्रावण म्हणजे पाण्यात साखर विरघळावी तसं विरघळलेलं औषध. दिसत नाही, पण प्रत्येक घोटात सारखं असतं. साका म्हणजे तळाशी बसणारा भाग. मी आपल्या मनानं पुढं "निरुपयोगी" लिहिलं होतं. साहेबांनी तो शब्द खोडला आणि म्हणाले, "तुला काय ठाऊक, निरुपयोगी आहे की नाही ते?" मला राग आला होता त्याचा.

असो. आता गोमाचं सांगतो.

फाल्गुन संपत आला होता, मिठागरांचा ऐन हंगाम. कोपरचा गोमा नावाचा एक मिठागरातला कामकरी दवाखान्यात आला. वय चाळीसच्या घरात, पण हिवतापानं पार पिळून काढलेला. हात थरथरत होते. मला म्हणाला, "मास्तर, रातीला डोला लागत नाय, न सकाली पाय उचलत नाय. आगरात उभं ऱ्हायचं कसं?" त्या बाजूचे लोक लिहिता-वाचता येणाऱ्या कुणालाही मास्तर म्हणायचे.

साहेबांनी तपासून चिठ्ठी दिली. त्यात दोन औषधं होती आणि मध्ये जाड रेघ. एक ताकदीचं, काजऱ्याच्या बियांचं सत्त्व. काजरा आपल्याकडे कुणाला सांगायला नको, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. त्याचं सत्त्व अगदी कणभर दिलं तर ढिल्या पडलेल्या नसांना जोर येतो. जरा जास्त झालं की माणसाचं अंग धनुष्यासारखं ताठतं, आणि मरेपर्यंत तो शुद्धीवर असतो. दुसरं औषध झोपेचं, ब्रोमाईड नावाचा क्षार. चिठ्ठीखाली साहेबांनी लिहिलं होतं, निरनिराळ्या बाटल्यांत.

मी म्हटलं, "दुसरी बाटली काढ."

"येकच हाय, मास्तर. ही पन मुकादमाकडून मागून आनली."

"मग उद्या दुसरी घेऊन ये."

तो जागचा हलला नाही. नुसता उभा राहिला. कोपर ते कल्याण अडीच कोस, तेही त्या पायांनी. शेवटी हळूच म्हणाला, "उद्याचा रोज बुडंल माजा."

मागं पन्नास माणसं ताटकळलेली, एक पोर रडून रडून निळं पडायला आलेलं, आणि माझं डोकं तडकलेलं. मी विचार केला, पोटात जाऊन दोन्ही एक व्हायचीच आहेत, मग बाटलीत झाली म्हणून काय बिघडलं? दोन्ही औषधं मी त्याच्या एका बाटलीत ओतली. ती दया होती की आळस होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाटली उजेडात धरून पाहिली. झऱ्याच्या पाण्यासारखं स्वच्छ. सोळा खाचांची पट्टी लावली आणि सांगितलं, "सकाळी एक, संध्याकाळी एक. आठ दिवस." गोमानं बाटली दोन्ही हातांनी कपाळाला लावली, पहिली खाच तिथंच प्यायला आणि गेला.

त्या औषधाचा आठवा दिवस. सकाळची वेळ, साहेब येरझारा घालताहेत, मी वही उघडून बसलेला. साहेब म्हणाले, "लिही. विरोधी औषधं. जी एकेकटी गुणकारी असतात, पण एकत्र केली असता एकमेकांचा गुण मारतात किंवा तिसरंच काही उत्पन्न करतात, ती एकमेकांची विरोधी."

शिपायाला बोलावलं. त्यानं मान हलवली. "नाही समजलं, साहेब."

"उदाहरण घालू मग. लिही, नारायण. काजऱ्याचं सत्त्व आणि ब्रोमाईड. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. एकत्र केली तरी त्या दिवशी स्वच्छच दिसतात. पण दोन-चार दिवसांत सत्त्वाचे बारीक खडे बनून तळाशी बसतात. वरचं औषध नुसतं पाणी राहतं, आणि सगळं विष शेवटच्या घोटात उतरतं. रोगी आठवडाभर बरा असतो आणि शेवटच्या घोटाला मरतो."

"आत्ता समजलं, साहेब," शिपाई म्हणाला.

मलाही समजलं. टाक हातातच राहिला आणि वहीवर शाईचा हा एवढा डाग पडला. गेल्या मंगळवारी बाटली दिली, आज मंगळवार. आज सकाळची पंधरावी खाच झाली असेल, नसेलही. सोळावी संध्याकाळी.

आता वाचकहो, इथं जरा थांबून माझी लाज ऐका. मागल्या दारी साहेबांचं तट्टू बांधलेलं होतं. मी फक्त तोंड उघडायचं होतं. "साहेब, माझ्या हातून असं झालंय," एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं गोमा आला नाही हो, घरी विधवा आई आणि लग्नाची बहीण आली, नोकरी गेलेली दिसली, हातात बेड्या पडलेल्या दिसल्या. मी मनाशी म्हटलं, आपणच जाऊन बाटली काढून घ्यावी, कुणाला पत्ता लागायचा नाही.

मी म्हणालो, "साहेब, पोटात फार दुखतंय. घरी जाऊ?"

डॉक्टरला दुखण्याचं सोंग सांगणारा गाढव जगात मी एकटाच असेन! साहेबांनी लगेच मला बाकावर आडवं केलं. इथं दुखतं का, तिथं दुखतं का, असं करत सगळं पोट चाचपलं. नाडी धरली. ती तर भीतीनं घोड्यासारखी उधळलेली. "ताप नाही, पण नाडी ठीक नाही. पडून राहा," म्हणाले, आणि स्वतःच्या हातांनी एरंडेल पाजलं. बाकावर पडून मी छताचे वासे मोजत होतो आणि पाठीखालून घामाच्या धारा लागल्या होत्या. अर्धा तास गेला. मला उठून ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडवत नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, "जा घरी. आज पेज घे फक्त."

रस्त्याचं वळण ओलांडलं आणि मी पळत सुटलो. खिशात कोळशाच्या भुकटीची पुडी घेतली होती, काजऱ्याच्या विषावर लगेच पोटात गेली तर थोडा उपयोग होतो म्हणून. रुळांच्या कडेकडेनं, खडी तुडवत. ऊन असं, की रूळ बघवत नव्हते. एरंडेलानं काय हाल केले ते इथं लिहीत नाही, वाचणारांत बायकामंडळीही आहेत. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं आणि साहेबांना सांगावं. पण जितकं पुढं जावं तितकं परत फिरणं अवघड होत गेलं. सारखं एकच चित्र डोळ्यांपुढं, बाटलीच्या तळाशी पांढरे कण, आणि गोमा ती कपाळाला लावून तोंडाला लावतोय.

कोपरला पोचलो तेव्हा मिठागरात मिठाचे ढीग पांढरेफेक लागलेले होते. गोमाचं घर विचारत गेलो. दारात त्याची बायको बामी मासे साफ करत बसली होती.

"गोमा कुठंय?"

"कल्यानला जेलाय. तुमी कोन?"

"दवाखान्यातला. औषधाची बाटली कुठं आहे, बाई? लवकर!"

तिनं हातातला मासा खाली ठेवला. मग हात धुऊन आत गेली आणि देवाच्या फळीवरची बाटली घेऊन आली. रिकामी. धुऊन पालथी घातलेली.

"सगळं प्याला?" कसंबसं विचारलं.

"नाय हो. बारा खुना पिल्यान. झोप लागाया लागली, पाय बी उचलाया लागलं. मंग खाली मीठ धरलेलं दिसलं त्याला."

"मीठ?"

"दवाचं मीठ. मना बोल्ला, बामे, वरचं तं पानी हाय, खरी दवा खाली बसलीय. मंग उरलेली चार खुनांची दवा काल सकाली परलात ओतलान न दिसभर उन्हात ठेवलान." तिनं मला मातीचा पसरट परळ दाखवला. कडेला पांढरी किनार धरलेली होती.

काय सांगू तुम्हाला! सगळा जन्म पाणी उन्हात आटवून मीठ काढणारा माणूस तो. तळाशी खडे दिसले की कामाची चीज तीच, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मी तीन वर्षं औषधं करून जे ओळखलं नव्हतं, ते त्यानं नुसत्या डोळ्यांनी ओळखलं. पण ते ओळखून त्यानं खडे वेगळे काढले होते, म्हणजे सगळं विष आता एका चिमटीत आलं होतं.

"मग खाल्लं का त्यानं ते?" मी जवळजवळ किंचाळलोच.

बाई एकदम तापली. "खाईल कसा? आमी काय चोर हाव? आगरातला येक खडा कवा घरी आनला नाय आमी. मीठ सरकारचं, सरकारला जमा करायचं. तुमचा दवाखाना बी सरकारचाच ना? मना बरं वाटतं, आता दुसऱ्या कोनाला व्हईल, बोल्ला, न पानात बांधून जमा कराया जेला. सकालीच, भरतीबरबर होडीत."

मिठागरातल्या लोकांची ही रीत मला ऐकून ठाऊक होती. त्यांनीच पिकवलेलं मीठ, पण त्यातली चिमूट कनवटीला सापडली तरी गुन्हा. पिढ्यान्‌पिढ्यांची ती धास्ती अंगात इतकी मुरलेली, की उन्हात वाळवून निघालेलं काहीही त्यांना आपलं वाटतच नाही. मला त्या क्षणी त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "पन वाटंन पाय लटपटलं तं येक चिमूट जिभंवर टाकीन, असं बोल्लाय. बंदरावरून चालायचं हाय ना त्याला."

पुन्हा पळत सुटलो. त्या परतीच्या वाटेवर मी देवाला काय काय बोललो असेन! नोकरी घे, म्हटलं. तुरुंगात घाल. बहिणीचं लग्न मोडलं तरी चालेल. सकाळी हेच सगळं वाचवायला निघालो होतो, आणि आता एकेक करून देवापुढं टाकत होतो.

कल्याणच्या बंदरावर आलो तर होड्यांपाशी माणसांचं कडं. आत कुणीतरी आडवं पडलेलं आणि लोक वाकून वाकून बघताहेत. माणसं ढकलत आत घुसलो. दोन माणसांनी मिळून उचलावं असं भलंमोठं पाखट पडलं होतं खाली, मासा! कुणीतरी म्हणालं, "काय रे, मासा कधी बघितला नाहीस का?" मी तिथंच ढसाढसा रडलो असतो, पण वेळ नव्हता.

दवाखान्याच्या ओट्यावर गोमा बसला होता. जिवंत. मांडी घालून, विडी ओढत. आणि दारात साहेब उभे होते. त्यांच्या हातात उघडलेलं पळसाचं पान, पानावर पांढरे कण.

साहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. खडीनं फाटलेल्या वहाणा, धुळीनं माखलेलं धोतर. मग शांतपणे म्हणाले, "पोट कसं आहे, नारायण?"

गोमाच बोलायला लागला. "मास्तर, तुमचीच वाट बघतो. ही दवा जमा करून घ्या. वाटंन लय वेला वाटलं, येक चिमूट टाकावी तोंडात. पन म्हनलं, तिथं तोलून घेतील, वजन कमी भरलं तं काय सांगू?"

कमी भरण्याच्या भीतीनं माणूस वाचला होता. दवाखान्यात असलं काही कुणी तोलत नाही, पण त्याला ते कुठं ठाऊक?

साहेब म्हणाले, "गोमा, हा मास्तर तुझ्या घरी जाऊन आलाय. कोपरला. चालत."

गोमानं विडी टाकली आणि उभा राहिला. "माज्यासाटी? येवढ्या उन्हात?" त्याचे डोळे भरून आले. त्यानं वाकून माझे धुळीनं भरलेले पाय धरले. मी मागं सरकलो तरी सोडीना.

"सांग त्याला," साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "कशासाठी गेला होतास ते सांग."

दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. गोमा तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "सहज. बरं आहे का ते विचारायला."

साहेबांनी पानाची पुडी बांधली आणि ते आत गेले.

गोमा गेल्यावर मला बोलावलं. मी उभा, ते बसलेले. म्हणाले, "एका बाटलीत दोन औषधं घातलीस, ती चूक. चुका माझ्या हातूनही झाल्या आहेत. पण सकाळी वहीवर तो डाग पडला तेव्हा तुला कळलं होतं. माझं तट्टू मागं उभं होतं. मी तासाभरात कोपरला असतो. त्याऐवजी अर्धा तास मी तुझं पोट चाचपत होतो, नारायण."

मी रडायला लागलो.

"इथं रडू नकोस," ते म्हणाले. "मघाशी त्याच्यापुढं रडला असतास तर काही अर्थ होता."

वर त्यांनी काही कळवलं नाही. माझी नोकरी राहिली, बहिणीचं लग्न झालं, यथावकाश माझंही झालं. त्या दिवशीच्या गोष्टीचा साहेबांनी पुन्हा उच्चारसुद्धा केला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून वही माझ्याकडे दिली नाही. येरझारा थांबल्या. स्वतः टेबलाशी बसून, स्वतःच्या गिचमिड अक्षरात ते व्याख्या लिहीत, आणि मी बाजूला बाटल्या घाशीत असे. त्यांची बदली होईपर्यंत ते असंच चाललं. खरं सांगतो, बडतर्फ केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

आणि गोमा! त्यानं सगळ्या कोपरभर सांगितलं की दवाखान्यातला मास्तर माझ्यासाठी उन्हातान्हाचा पळत आला. मग तिकडचा माणूस आला की म्हणायचा, औषध ह्याच मास्तरच्या हातचं पाहिजे. कुणी कोळंबी आणायचं, कुणी गावठी अंडी. नको म्हटलं की त्यांना राग यायचा. घरी आई म्हणायची, "केवढी माया लावलीस रे लोकांना!" आणि मी खाली मान घालून जेवायचो. गोमा पुढं वीस-बावीस वर्षं जगला. दर हंगामात एकदा ओट्यावर येऊन बसायचा, काही दुखत नसलं तरी. विडी ओढायचा आणि नव्या रोग्यांना माझ्याकडे बोट दाखवून तीच गोष्ट सांगायचा. दर वेळी मनात यायचं, आज सांगून टाकू. तो गेल्याचा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. असं वाटणारा मी माणूस आहे.

परवा ठाण्याला एका लग्नात एक तरुण मास्तर भेटला, खराखुरा, शाळेतला. कोपरचा म्हणाला. माझं नाव ऐकताच भर पंगतीत उठून पाया पडला आणि शेजाऱ्याला सांगू लागला, "यांच्यामुळं आमचा आजा वाचला." गोमाचा नातू. मी आशीर्वाद दिला आणि पानावरून उठलो.

तो दिवाळी अंक घेतो असं त्याच्या बोलण्यात आलं. म्हणून हे लिहिलं. बाळ, तुझा आजा माझ्यामुळं नाही वाचला. माझ्यापासून वाचला.